औषधांची ट्रॉली पहिल्यांदा हाती घेताना

नव्याने रुजू झालेल्या सिस्टर-ब्रदरला पहिल्या दिवशी ड्यूटी चार्ट दाखवतात, मस्टर दाखवतात, चहा कुठे मिळतो ते मावशी सांगतात. औषधांचं कपाट मात्र कोणी उघडून दाखवत नाही. किल्ली हातात येते आणि पाठोपाठ संध्याकाळी सहाची इंजेक्शनं. फार्माकॉलॉजीत चांगले मार्क मिळवलेली मुलंसुद्धा तेव्हा गडबडतात. पुस्तकात औषधं गटवार लावलेली असतात, कपाटात ती जागा मिळेल तिथे कोंबलेली असतात.

मी अठरा वर्षं वॉर्डात आहे, त्यातली सात इन्चार्ज म्हणून. औषध सुरक्षिततेवरच्या कार्यशाळा पुष्कळ झाल्या. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय: हे शिक्षण आधी आपल्या कपाटासमोर व्हायला हवं, सभागृहात नंतर. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत. सततच्या शिक्षणाच्या क्रेडिट तासांचं शेवटी आहे; ज्यांचं नोंदणीचं नूतनीकरण तोंडावर आलंय त्यांनी थेट तिथे गेलं तरी मी रागावणार नाही.

पायरी १: कपाट वाचा

पहिल्या आठवड्यात एक तास काढा. दुपारी दोन ते तीन बरा, राऊंड संपलेला असतो. दोनशे पानी वही घ्या आणि कपाटातलं प्रत्येक इंजेक्शन हातात घेऊन लेबल वाचा. प्रत्येकाच्या तीन गोष्टी लिहायच्या: जेनेरिक नाव, एका मिलीत किती आणि पूर्ण अँप्युलमध्ये किंवा व्हायलमध्ये किती. कंपनी बदलली की रंग बदलतो, खोकं बदलतं. रंगावरून औषध ओळखायची सवय लागली असेल तर इथेच मोडा.

या तासात काय सापडतं त्याचा एक नमुना. हेपरिन म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध. त्याची ५ मिलीची व्हायल दोन प्रकारची येते, एक मिलीला १००० युनिटची आणि दुसरी मिलीला ५००० युनिटची. पहिल्या अख्ख्या व्हायलमध्ये ५००० युनिट, दुसरीत २५,०००. आता कोणी घाईत म्हणालं, 'हेपरिन पाच हजार दे', तर एका व्हायलमधून पाच मिली ओढायचे आणि दुसरीतून एकच. दोन्हींच्या लेबलवर '५०००' हा आकडा कुठे ना कुठे असू शकतो. माझ्या वॉर्डात मी दोन्ही एका वेळी ठेवतच नाही. इंडेंट, म्हणजे स्टोअरकडे मागणी, करतानाच एक ताकद ठरवून घेते, आणि स्टोअरमधून दुसरी आली तर परत पाठवते. स्टोअरवाले कुरकुर करतात, करू देत.

दुसरा नमुना पोटॅशियम क्लोराईडचा. १५ टक्क्यांचं १० मिली अँप्युल म्हणजे २० मिलीइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं एकक) पोटॅशियम. दिसायला ते डिस्टिल्ड वॉटरच्या १० मिलीच्या प्लास्टिक अँप्युलच्या सख्ख्या भावासारखं. अँटिबायोटिक विरघळवायला पाणी समजून हे घेतलं आणि थेट शिरेत गेलं, तर हृदय बंद पडतं, दुसरी संधी मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की अशी तीव्र द्रावणं साध्या वॉर्डात ठेवूच नयेत. तुमच्याकडे ठेवावीच लागत असतील तर वेगळ्या खणात, कुलपात, लाल पट्टी लावून ठेवा. पोटॅशियम सलाईनमध्येच जातं, थेट कधीच नाही. हातातल्या शिरेतून देताना तासाला १० मिलीइक्विव्हॅलंटच्या वर सहसा जात नाहीत. आणखी एक गोष्ट पुस्तकात छोट्या अक्षरात असते. लटकवलेल्या बाटलीत पोटॅशियम सोडलं आणि बाटली हलवली नाही, तर ते जड असल्याने खाली साचतं आणि आधी तेच रुग्णाच्या अंगात जातं. म्हणून बाटली आधी काढायची, औषध घालायचं, आठ-दहा वेळा उलटीपालटी करायची, लेबल लावायचं आणि मगच लटकवायची.

नावांच्या जोड्याही याच वहीत लिहा: डोपामिन आणि डोब्युटामिन, सेफोटॅक्झिम आणि सेफ्ट्रायॅक्झोन, मेटफॉर्मिन आणि मेट्रोनिडाझोल. जोडीतली दोन औषधं शेजारी ठेवायची नाहीत. अक्षरक्रम मोडला तर मोडू दे.

फ्रिज मात्र लगेच बघा. आत दोन ते आठ अंश हवेत. इन्सुलिन आणि ऑक्सिटोसिन मधल्या कप्प्यात, बर्फाच्या कप्प्याला चिकटून नाही आणि दारातही नाही. कोणाचा डबा सापडला तर बाहेर.

पायरी २: सिरिंज हातात घेऊन हिशेब

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझी चूक इथलीच.

नोकरीचं पहिलं वर्ष, एका रुग्णालयात रात्रपाळी. एका बाबांना रात्री २० युनिट ग्लार्जिन इन्सुलिन होतं. मी व्हायल घेतली, ट्रेमधली इन्सुलिनची सिरिंज घेतली, २० च्या रेघेपर्यंत ओढलं. शेजारी एक जुने ब्रदर होते, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. त्यांनी फक्त विचारलं, 'टोपण कुठल्या रंगाचं होतं?' लाल होतं. त्यांनी माझ्या हातातून सिरिंज घेतली, ट्रेमध्ये ठेवली आणि कागद पुढे केला, 'मांड.'

आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदींत मिळतं, मिलीला ४० युनिट आणि मिलीला १०० युनिट. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. लाल सिरिंजवर २० ची रेघ म्हणजे अर्धा मिली. ४० च्या इन्सुलिनचा अर्धा मिली म्हणजे २० युनिट, बरोबर. पण माझ्या हातातली ग्लार्जिनची व्हायल होती १०० ची. तिचा अर्धा मिली म्हणजे ५० युनिट. त्या बाबांना मी अडीचपट इन्सुलिन देणार होते, तेही झोपायच्या वेळी, जेव्हा घाम फुटला तरी कोणाच्या लक्षात आलं नसतं. उलटी चूक झाली, म्हणजे ४० ची व्हायल आणि नारिंगी सिरिंज, तर २० च्या रेघेला जेमतेम ८ युनिट जातात. मग साखर उतरत नाही आणि डॉक्टर डोस वाढवत बसतात.

हे तुम्ही वाचून सोडू नका. दोन रिकाम्या सिरिंज घ्या, पाणी भरा, दोन्हींवर २० ची रेघ लावून शेजारी धरा. डोळ्यांना एकदा फरक दिसला की विसरत नाही. पेनच्या काडतुसातून सिरिंजने इन्सुलिन ओढायचं नाही, कारण तेही १०० चं असतं. पारदर्शक आणि दुधाळ इन्सुलिनच्या व्हायल एकाच वाटीत ठेवायच्या नाहीत. दुधाळ इन्सुलिन हातात हलकेच लाटायचं, खदखदा हलवायचं नाही.

बाकीचे हिशेब रोज एक, पंधरा दिवस, ओव्हर (आधीच्या पाळीकडून वॉर्डाचा ताबा) घेतल्यावर पाच मिनिटं. सलाईनचा घ्या. सेटच्या पाकिटावर एका मिलीला किती थेंब ते छापलेलं असतं, आधी ते वाचा. २० थेंबांचा सेट असेल आणि ५०० मिली आठ तासांत द्यायचं असेल, तर ५०० गुणिले २० भागिले ४८० मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण २१ थेंब. मायक्रो सेटला मिलीला ६० थेंब, तिथे तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब, गणितच नको.

लेबर रूममध्ये नेमणूक असेल तर मॅग्नेशियम सल्फेटचा पाठ डॉक्टर येण्याआधीच झालेला असावा. ५० टक्क्यांचं २ मिली अँप्युल म्हणजे १ ग्रॅम. गरोदरपणात झटके येणाऱ्या रुग्णाला प्रिचर्ड पद्धतीने (हे औषध द्यायची एक ठरलेली पद्धत) सुरुवातीला शिरेतून ४ ग्रॅम आणि दोन्ही कमरांत ५-५ ग्रॅम, एकूण १४ अँप्युल. शिरेतल्या ४ ग्रॅमसाठी चार अँप्युलचे ८ मिली आणि त्यात १२ मिली पाणी, म्हणजे २० टक्क्यांचं २० मिली, सावकाश. पुढच्या डोसआधी गुडघ्यावर ठोकल्यावर पाय उडतो का ते, श्वास आणि लघवी बघायची, आणि उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट त्याच ट्रेमध्ये असायला हवं. आणीबाणीत चौदा अँप्युल फोडताना मोजणी चुकते. म्हणून रिकामी अँप्युल टाकायची नाहीत, ट्रेमध्ये ओळीने मांडायची आणि शेवटी मोजायची.

लहान मुलांच्या वॉर्डात धोका साध्या पॅरासिटामॉलमध्येच दिसेल. दहा किलोच्या बाळाला किलोला १५ मिलिग्रॅम धरले तर १५० मिलिग्रॅम. ५ मिलीत १२५ मिलिग्रॅमचं सिरप असेल तर ६ मिली, ५ मिलीत २५० चं असेल तर ३ मिली, आणि मिलीला १०० मिलिग्रॅमचे थेंब असतील तर दीड मिली. आईला तुम्ही 'सहा मिली द्या' एवढंच सांगितलंत आणि घरी थेंबांची बाटली निघाली, तर बाळाच्या पोटात ६०० मिलिग्रॅम जातील. म्हणून आईला मिली सांगताना बाटली तिच्या हातात असायला हवी.

पायरी ३: केस पेपर वाचताना थांबायची ठिकाणं

'१०यू' असं इंग्रजीत लिहिलं की तो यू शून्यासारखा दिसतो आणि दहाचे शंभर होतात. युनिट हा शब्द पूर्ण लिहायला सांगा, तुम्ही स्वतः तरी लिहाच. '.५' मधला ठिपका फोटोकॉपीत उडतो, म्हणून '०.५'. '५.०' मात्र कधीच नाही, ते पन्नास वाचलं जातं. शिकाऊ डॉक्टरांना हे सांगताना जीभ अडखळते, मला माहीत आहे. 'सर, हे मला नीट वाचता येत नाहीये, एकदा सांगता का' एवढं वाक्य पुरतं. वाचता येत नाही हे आपल्या डोळ्यांवर घेतलं की समोरचा चिडत नाही.

मेथोट्रेक्सेट दिसलं की हातातलं काम थांबवा. सांधेदुखीसाठी ती गोळी आठवड्यातून एकदाच असते. रोज घेतली गेली तर तोंड सोलतं, रक्तपेशी घसरतात, माणूस दगावतो. केस पेपरवर वार लिहून घ्या आणि रुग्णालाही वारच सांगा: 'दर सोमवारी'. 'आठवड्याची गोळी' म्हटलं की काहीजण आठवडाभर घेतात.

फोनवरची ऑर्डर फक्त तातडीत घ्या. ऐकलेलं लिहा, मग लिहिलेलं परत वाचून दाखवा. आकडे सुटे सुटे म्हणा: फिफ्टीन की फिफ्टी हा घोळ 'एक-पाच, पंधरा' म्हटल्यावर मिटतो. डॉक्टर वॉर्डात आले की सही घ्यायची.

कशात काय मिसळायचं नाही याची एक चिठ्ठी ट्रॉलीच्या झाकणाला आतून चिकटवा. फेनिटॉइन डेक्स्ट्रोजमध्ये नाही, नॉर्मल सलाईनमध्येच. सेफ्ट्रायॅक्झोन रिंगर लॅक्टेटमध्ये नाही, त्यातल्या कॅल्शियमशी ते गोठतं. व्हॅन्कोमायसिन एक ग्रॅम किमान तासभर चालवायचं. घाईत सोडलं की चेहरा-मान लालबुंद होते आणि मग केस पेपरवर कायमची 'अॅलर्जी' लिहिली जाते. बऱ्याचदा ती वेगाची करामत असते.

पायरी ४: ट्रॉलीपासून खाटेपर्यंत

योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ हे सगळ्यांना पाठ असतं. चूक होते ती पहिल्याच शब्दावर.

'आजी, तुम्ही शांताबाई ना?' असं विचारलं की आजी 'हो गं बाई' म्हणते. तिला ऐकू आलेलं नसतं, पण पांढऱ्या कपड्यातल्या पोरीला नाही कसं म्हणायचं? म्हणून नाव आपण सांगायचं नाही, तिच्याकडून वदवून घ्यायचं: 'आजी, पूर्ण नाव सांगा बरं तुमचं.' मग मनगटावरची पट्टी किंवा केस पेपरचा नंबर. खाट क्रमांक ही ओळख नव्हे. पंख्याखालची खाट रिकामी झाली की लोक आपणहून हलतात.

सिरिंज भरली की तिथल्या तिथे लेबल. बिनलेबलाची भरलेली सिरिंज दिसली तर ती कोणाचीही असो, फेकायची. दुसऱ्याने भरलेलं इंजेक्शन आपण द्यायचं नाही, अगदी जिवलग मैत्रिणीने भरलेलं असलं तरी. इन्सुलिन, हेपरिन, पोटॅशियम आणि मॉर्फिन दोघांनी तपासायचं. दोघांनी म्हणजे दुसरीने स्वतः हिशेब मांडायचा, पहिलीच्या आकड्याला 'हं हं' करायचं नाही.

गोळी डोळ्यांसमोर गिळू द्या. चादर बदलताना मावशींना उशीखाली चार-चार गोळ्या सापडतात. औषध दिल्यानंतरच सही करायची, आधी कधीच नाही. आणि ट्रॉली चालू असताना कोणी 'सिस्टर, सलाईन संपलंय' म्हणून हाक मारली, तर हातातलं इंजेक्शन पूर्ण करून मगच वळायचं. नातेवाईक रागावतात, तेवढं सोसायचं.

पायरी ५: पिशवी ओता

दाखल होणारा माणूस गोळ्यांची पिशवी घेऊन येतो. 'बीपीची एक आणि साखरेची पांढरी' हे उत्तर पुरेसं नाही. पिशवी टेबलावर ओता. त्यात बरेचदा एकच अॅम्लोडिपिन दोन कंपन्यांच्या नावांनी सापडतं, बंद केलेली गोळी सापडते, शेजारणीने दिलेली दुखण्याची गोळी सापडते, काढ्याची बाटलीही. सगळं केस पेपरवर लिहून डॉक्टरांसमोर ठेवा. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने औषधांमुळे होणारी इजा कमी करण्याची मोहीम सुरू केली, तेव्हा जे तीन मुद्दे पुढे ठेवले त्यात हेच होते: एकाच माणसाला अनेक औषधं, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाताना होणारा घोळ, आणि जोखमीच्या वेळा.

घरी जाताना उलटं करायचं. '१-०-१' चा अर्थ आपल्याला माहीत असतो, शेतात सकाळी सातला जाणाऱ्याला 'न्याहारीनंतर' आणि 'रात्रीच्या जेवणानंतर' जास्त कळतं. समजावून झालं की विचारा, 'आता घरी सूनबाईला कसं सांगाल, मला सांगून दाखवा.' घरी फ्रिज नसेल तर इन्सुलिनसाठी मडक्याचा उपाय सांगा: मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं, त्यात डबीत व्हायल, सावलीत. पाणी वाळूवर, व्हायलवर नाही.

पायरी ६: चुकलं किंवा रिअॅक्शन आली तर

आधी रुग्ण. औषध थांबवा, नाडी, बीपी, श्वास बघा, डॉक्टरांना बोलवा, सिरिंज आणि व्हायल टाकू नका. मग इन्चार्जला त्याच पाळीत सांगा. केस पेपरवर काय दिलं, किती वाजता, काय दिसलं, एवढंच लिहा. खाडाखोड नको, पांढरी शाई तर नकोच. मला सांगितलेल्या चुकीवर मी कोणाला वॉर्डासमोर बोललेले नाही. लपवलेल्या एका चुकीवर मात्र बोलले आहे. काही ठिकाणी आधी मेमो आणि मग विचारपूस असं असतं, आणि तिथे मुली गप्प राहायला शिकतात. तुम्ही उद्या इन्चार्ज व्हाल, तेव्हा हे आठवा.

औषध नीट दिलं तरी रिअॅक्शन येते, तिची नोंद देशपातळीवर करता येते. भारताचा फार्माकोव्हिजिलन्स, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवण्याचा, कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला, २०११ पासून तो गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे आहे. फॉर्म नर्सही भरू शकते, त्यासाठी डॉक्टरच हवा असं नाही. रुग्णाच्या नावाची आद्याक्षरं आणि वय, काय झालं आणि कधी, संशय कोणत्या औषधावर, आणि तुमचं नाव, एवढं तर हवंच. बॅच नंबर लिहिलात तर उत्तम. औषधामुळेच झालं हे सिद्ध करणं तुमचं काम नाही, संशय पुरतो. टोल-फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४, आणि मोबाईल अॅपही आहे. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात बहुधा नोंद केंद्र असतं, तिथल्या फार्माकॉलॉजी विभागात एकदा जाऊन ओळख करून या.

पायरी ७: तास आणि क्रेडिट

इंडियन नर्सिंग कौन्सिलने नोंदणीचं नूतनीकरण सततच्या शिक्षणाशी जोडलंय: पाच वर्षांत १५० तास, म्हणजे वर्षाला ३०. फार्मासिस्टांना २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनुसार पाच वर्षांत किमान एकेक दिवसाचे दोन रिफ्रेशर कोर्स लागतात. पाचव्या वर्षी मार्चमध्ये धावपळ करून मिळेल त्या विषयाची प्रमाणपत्रं गोळा करणारे मी पाहिलेत. त्यांच्या फाइलमध्ये योग आहे, ताणतणाव आहे, इन्सुलिन नाही.

कोर्सचा फॉर्म भरण्याआधी दोन गोष्टी विचारा: आपल्या राज्याच्या कौन्सिलची मान्यता आहे का, आणि सत्रात हाताने काही करायला मिळणार आहे का. चारशे खुर्च्यांच्या सभागृहात पडद्यावर पाच योग्य गोष्टी वाचून दाखवणार असतील तर तास मिळतील, बाकी काही नाही. सरकारी सेवेत असाल तर आयगॉट कर्मयोगी या सरकारी ऑनलाइन प्रशिक्षण मंचावरचे कोर्सही बघा.

खरा वर्ग वॉर्डात. आमच्याकडे बुधवारी ओव्हरनंतर पंधरा मिनिटं एका औषधाची असतात. ज्याने त्या आठवड्यात गोंधळ घातला किंवा वेळीच पकडला, तोच सांगतो, आणि हजेरीच्या सह्या वहीत होतात. दरवर्षी १७ सप्टेंबरला जागतिक रुग्ण सुरक्षा दिन असतो आणि त्या दिवसापासून २३ पर्यंत राष्ट्रीय फार्माकोव्हिजिलन्स सप्ताह. त्या आठवड्यात पोस्टरसाठी कार्डशीट मागितली तर मेट्रन नाही म्हणत नाहीत. आम्ही गेल्या खेपेला कार्डशीट न घेता दोन ट्रे मांडले, एकात लाल टोपणाच्या सिरिंज, दुसऱ्यात नारिंगी, मधे पाण्याने भरलेल्या व्हायल, आणि येणाऱ्या प्रत्येकाला वीस युनिट भरायला सांगितलं. दोन डॉक्टर चुकले. त्यांची नावं वहीत लिहिलेली नाहीत.